डब्यातले बळ आणि ताटातले बळ

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत व्यायामाचा विषय निघाला की बोलणाऱ्याची छाती दोन बोटे पुढे येते. राजरत्न प्रोफेसर माणिकराव, जुम्मादादांचे व्यायाममंदिर, खंडेरावमहाराजांचा मल्लविद्येचा षोक, सयाजीरावमहाराजांचा उदार आश्रय ही नामावळी आपल्याला तोंडपाठ असते. आणि त्याच घरातल्या सोळा वर्षांच्या सडपातळ नातवाच्या खोलीत, पाठ्यपुस्तकांच्या वरच्या फळीवर, प्रथिनांच्या भुकटीचा एक भला मोठा काळा डबा विराजमान झालेला असतो. आजोबांच्या तोंडी माणिकराव आणि नातवाच्या हाती डबा, असा हा संसार सध्या सुखाने चालला आहे. दोघांपैकी कोणालाही त्यात विसंगती दिसत नाही.

हा डबा घरात कसा शिरला आणि त्याने घरातल्या कोणत्या उणिवेवर पांघरूण घातले, एवढाच या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, वाढत्या वयाच्या सडपातळ मुलाला अंग भरण्यासाठी जे अन्न लागते ते आपल्या स्वयंपाकघरात आहे. नाही तो त्याच्या ताटाचा हिशेब. तो ठेवण्याचे आपण सोडले, म्हणून भुकटी विकणाऱ्यांचे फावले. सबब या फिर्यादीत आरोपी एक नसून दोन आहेत, आणि दुसरा आरोपी आपल्याच घरात आरामखुर्चीत बसलेला आहे.

पहिल्या आरोपीशी आधी न्यायाने वागू. ज्याला बाजारात ‘व्हे’ म्हणतात ती भुकटी म्हणजे दूध फाडून पनीर किंवा चीज काढल्यावर जे पिवळसर पाणी उरते, त्यातले प्रथिन गाळून व वाळवून केलेली पूड. ते विष नव्हे. दुधाचेच अपत्य आहे. आजारातून उठलेल्या, अन्न न जाणाऱ्या माणसाला डॉक्टर ते देतात आणि योग्यच करतात. आक्षेप आहे तो ती भुकटी निरोगी मुलाच्या ताटाची जागा घेऊ लागते त्याला. अशा भुकटीचा एक चमचा सुमारे तीस ग्रॅमांचा असतो आणि त्यात चोवीस ग्रॅमांच्या आसपास प्रथिन असल्याचे लेबलावर छापलेले असते. अर्धा लिटर दूध आणि मूठभर भुईमुगाचे दाणे घेतले की जवळपास तेवढेच प्रथिन पोटात जाते; शिवाय दुधातला कॅल्शियम आणि दाण्यांतली स्निग्धता वर. दर किलोला दोन-अडीच हजार किंवा त्याहून अधिक रुपये मोजून आपण जे घरी आणतो, ते अशा रीतीने गवळी आणि वाणी यांच्याकडे आधीपासूनच उपलब्ध आहे. काखेत कळसा अन् गावाला वळसा!

शिवाय लेबलावर जे छापले आहे ते डब्यात असतेच असे नाही. २०२४ साली ‘मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात भारतीय बाजारातल्या ३६ प्रथिन-भुकट्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २५ भुकट्यांच्या लेबलांवरील प्रथिनाचा आकडा आतल्या मालाशी जुळला नाही. काहींत बुरशीपासून निर्माण होणारी विषद्रव्येही आढळली. त्याच वर्षी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि शरीर कमावण्यासाठी प्रथिनपूरके घेण्याचे टाळावे असे त्यांत स्पष्टपणे सांगितले. एवढे होऊनही व्यायामशाळेतला प्रशिक्षक सांगतो तो शब्द प्रमाण आणि राष्ट्रीय संस्था सांगते ते अरण्यरुदन, अशी आपली परिस्थिती आहे. हा प्रशिक्षक अनेकदा स्वतःच त्या डब्याचा विक्रेता असतो, हे मुलाच्या वडिलांना ठाऊक नसते असे नाही. पण विचारण्याचा संकोच वाटतो.

मुळात स्नायू कसा वाढतो याची कल्पना स्पष्ट नसल्यामुळे ही फसवणूक चालते. स्नायूवर त्याच्या सवयीपेक्षा अधिक भार पडला की त्याच्या तंतूंना घडण बदलण्याचा आदेश मिळतो; ती घडण अन्नातल्या प्रथिनापासून होते आणि तिचा मोठा भाग विश्रांतीच्या काळात पार पडतो. भार, अन्न आणि झोप या तिन्हींपैकी एक काढून घेतले तर उरलेली दोन लंगडी पडतात. व्यायामाविना घेतलेले जादा प्रथिन शरीर इंधन म्हणून जाळून टाकते किंवा चरबीच्या रूपाने साठवते. त्याचे दंड होत नाहीत. त्याचप्रमाणे एकूण अन्नच अपुरे असेल तर शरीर घेतलेले प्रथिनही आधी चुलीत घालते, बांधकामाला लावत नाही. बारीक मुलाच्या बाबतीत हीच गोष्ट वारंवार घडते. तो भुकटी घेतो, पण सकाळी उपाशी जातो. म्हणजे घर बांधायला विटा आणायच्या आणि सरपण नाही म्हणून त्यांच्याबरोबरची दारे-खिडक्या जाळायच्या, असा प्रकार होतो. ‘पी हळद अन् हो गोरी’ ही म्हण आपल्या आज्या उतावळ्या माणसाला उद्देशून वापरीत. आज ती डब्याच्या झाकणावर छापावी अशी आहे.

डब्याच्या पाठोपाठ काय येते तेही सांगितले पाहिजे. दोन महिन्यांत आरशात फरक दिसला नाही की उतावळ्या मुलाला पुढची पायरी दाखविली जाते, आणि ती गोळ्यांची किंवा इंजेक्शनांची असते. ही पौरुषवर्धक स्टिरॉइडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई आहे, तरीही ती हातोहात फिरतात. वाढत्या वयात त्यांच्यामुळे हाडांची टोके वेळेपूर्वी जुळून उंची कायमची खुंटू शकते. शरीराची स्वतःची अंतःस्रावाची व्यवस्था मंदावते. यकृत आणि हृदय यांवर भार येतो. भुकटी घेणारा प्रत्येक मुलगा या वाटेने जातो असे मी म्हणत नाही. परंतु ‘बळ बाहेरून विकत मिळते’ हा समज एकदा मनात रुजला की दुसरे दुकान पहिल्या दुकानापासून फार दूर नसते.

आता दुसऱ्या आरोपीकडे वळतो. मुलाला आपल्या देहाची लाज कोणी शिकवली? प्रशिक्षकाने नव्हे. लग्नकार्यात, सत्यनारायणाला, गणपतीच्या आरतीला जमलेल्या आपल्याच नातेवाइकांनी ‘काय रे, घरात जेवायला घालत नाहीत का?’ असे चारचौघांत विचारून ती शिकवली. ‘काडी पहिलवान’, ‘सुकट’, ‘हाडांचा सापळा’ ही आपण विनोदाने बहाल केलेली बिरुदे त्याने हसून ऐकली आणि रात्री आरशासमोर खरी मानली. लाज हे विक्रेत्याचे सर्वांत स्वस्त भांडवल असते, आणि ते आपण त्याला फुकट पुरवतो.

वास्तविक पंधरा-सोळाव्या वर्षी मुलगा बारीक दिसणे हा बहुधा निसर्गाचा क्रम असतो. मुलांची उंची साधारण तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत झपाट्याने वाढते. वजन आणि स्नायू तिच्या मागून येतात. बांबू आधी उंच होतो, मग त्याच्यात कठीणपणा भरतो. कोणाची ही वाढ दोन वर्षे आधी होते, कोणाची दोन वर्षे उशिरा. पित्याचा व आजोबांचा अंगलोट सडपातळ असेल तर मुलाचाही तसा असण्याचा संभव पुष्कळ. शेजारच्या मुलाचे दंड बघून आपल्या मुलाला हिणवणे म्हणजे एका वाफ्यातल्या मेथीला दुसऱ्या वाफ्यातल्या मुळ्याच्या नावाने बोल लावणे होय.

याच आरामखुर्चीतून दुसरे एक पालुपद नेहमी ऐकू येते : ‘आमच्या वेळी असले डबे नव्हते. दूध, तूप, बदाम खायचे आणि जोर काढायचे.’ ऐकायला हे फार गोड वाटते. पण ते कोणाविषयी खरे आहे? पहिलवानांचा खुराक हा राजाश्रयावर चाले आणि तो पचवण्यासाठी ते मल्ल रोज शेकड्यांनी जोर-बैठका काढून तासन्‌तास हौद्यात घुमत. आपल्यापैकी बहुतेकांचे पणजोबा मल्ल नव्हते; ते कचेरीत कारकुनी करीत होते, शाळेत शिकवीत होते, फडणिशीत खर्डे लिहीत होते. त्यांच्या ताटात वरण-भात, भाकरी, उसळ आणि ताक होते. बदामाची थंडाई त्यांनी क्वचित सणासुदीला पाहिली असेल. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि राजाश्रयाचा काळ संपला. त्या काळाच्या आठवणी मात्र आपण अशा सांगतो की जणू सगळेच बडोदे मोतीबागेत तालीम करून घरी तुपाने चूळ भरीत होते.

या आठवणीतले पोषणशास्त्रही तपासून पाहण्यासारखे आहे. तुपात प्रथिनाचा कणही नसतो; त्यात शक्ती आहे आणि बारीक मुलाच्या भातावर चमचाभर तूप घालणे शहाणपणाचेच आहे, पण तुपाने स्नायू बांधला जात नाही. बदाम चांगले खरे; परंतु शंभर ग्रॅम बदामांत सुमारे अठरा ग्रॅम प्रथिन असते आणि तेवढ्याच भुईमुगाच्या दाण्यांत तेवीस-चोवीस ग्रॅम. किंमत मात्र दाण्यांची कितीतरी पटींनी कमी. गरीब शेंगदाण्याकडे पाठ फिरवून बदामाच्या नावाने उसासे टाकणे ही ‘खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी’ या वृत्तीची शहरी आवृत्ती आहे. नातू डब्यावर विश्वास ठेवतो, आजोबा दंतकथेवर. तपासून पाहण्याचे कष्ट दोघांनाही नको आहेत.

आणि बडोद्याचा खरा वारसा नेमका तपासून पाहण्याचा आहे. जुम्मादादा या मुसलमान उस्तादांच्या पायाशी बसून माणिकराव शिकले, आणि जे शिकले त्याला त्यांनी पद्धतशीर रूप दिले. एकेकट्या पहिलवानाच्या कसरतीतून शेकडो मुलांना एका आज्ञेवर करता येईल असा सांघिक व्यायाम त्यांनी उभा केला. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात व्यायामाचे शिक्षण घेतलेला डभोईचा एक तरुण होता जगन्नाथ गणेश गुणे. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. मालसरच्या परमहंस माधवदासजींकडून योगविद्या मिळाल्यावर त्यांनी ती डोळे मिटून स्वीकारली नाही. १९२०-२१ मध्ये बडोद्याच्याच सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी उड्डियान बंध व नौली या क्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो याचे प्रयोग केले. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी निघालेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून ते आपल्या प्रयोगांचे निष्कर्ष जगापुढे मांडू लागले. गुरूविषयी नितांत श्रद्धा आणि विद्येविषयी निर्भय तपास, या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात याचा हा पुरावा आपल्याच गावचा आहे.

दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळात याच शहरातून मराठीत प्रसिद्ध झाला. आखाड्यातली विद्या आखाड्यातच तोंडी राहिली तर उस्तादाबरोबर जाते. ती लिहून, वर्गवारी करून, चित्रे देऊन ठेवली पाहिजे, ही जाणीव त्या खंडांच्या मुळाशी आहे. आपल्यापैकी किती घरांत त्याचा एखादा खंड आहे आणि किती जणांनी तो उघडला आहे, हा प्रश्न मी विचारीत नाही. उत्तर ऐकून कोणालाच आनंद होणार नाही. परंतु ज्यांनी शरीरविद्येचे दहा खंड लिहिले त्यांच्या वारसांना आपल्या मुलाच्या ताटाचा हिशेब अर्ध्या पानावर लिहिता येऊ नये, हे मात्र खटकते.

म्हणून तो हिशेब येथेच मांडतो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलाला दिवसाला सुमारे ५५ ग्रॅम आणि मुलीला ४६ ग्रॅम प्रथिन पुरेसे होते. नियमित भार-व्यायाम करणाऱ्यांसाठी पोषणतज्ज्ञ याहून अधिक सुचवतात, वजनाच्या दर किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅमांच्या घरात. दर किलोला सुमारे १.६ ग्रॅमांच्या पलीकडे गेल्यास स्नायूवाढीला आणखी लाभ होत असल्याचे सहसा आढळत नाही. पन्नास किलो वजनाच्या मुलासाठी हा आकडा साठ ते ऐंशी ग्रॅमांच्या दरम्यान येतो. आता घरचे ताट पाहा. अर्धा लिटर दुधातून सोळा ग्रॅम. दिवसभरातल्या सहा पोळ्यांतून बावीस. घट्ट वरणाची एक आणि मोड आलेल्या मटकीच्या उसळीची एक अशा दोन वाट्यांतून चौदा. मूठभर दाण्यांतून सात. मूठभर फुटाण्यांतून सहा. दह्याच्या वाटीतून चार आणि भातातून चार. बेरीज त्र्याहत्तर होते. या यादीत एकही पदार्थ असा नाही की जो खंडेराव मार्केटच्या परिसरात मिळत नाही किंवा ज्याचे नाव आपल्या आजीला ठाऊक नव्हते.

कोणी म्हणेल, डाळीचे प्रथिन कमी प्रतीचे असते. अर्धे खरे आहे. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी पडतो आणि डाळीत मेथिओनिन. पण दोन्ही दिवसभराच्या आहारात असली की एकाची उणीव दुसरे भरून काढते, आणि दूध-दही दोघांनाही सावरते. वरण-भात, खिचडी-कढी, भाकरी-पिठले या जोड्या कोणा रसायनशास्त्रज्ञाने जुळवल्या नाहीत, तरी रसायनशास्त्राला त्या मान्य आहेत.

मग अडते कोठे? ताटात जे असायला हवे आणि प्रत्यक्षात जे पडते, यांत अडते. अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याचा दिवस डोळ्यांसमोर आणा. सकाळी चहा आणि दोन खारी बिस्किटे. डब्यात दोन थेपले किंवा बटाट्याची भाजी. शिकवणीच्या वर्गाकडे जाताना वाटेत गाठिया नाहीतर वडापाव. आणि रात्री दहाला घरी आल्यावर दूरचित्रवाणीसमोर एकदम पोटभर जेवण. दिवसाचे बहुतेक प्रथिन रात्रीच्या एका जेवणात, आणि सकाळचे चार तास चहावर. वरणाची वाटी असते, पण तीत डाळ तळाशी दिसते. गुजरातेत राहून आपण पातळ, गुळमट दाळ उचलली. ती चवीला सुरेख लागते, मात्र तिच्या वाटीत डाळ पंधरा ग्रॅमही नसते, हे कोणी मोजले नाही. उपवासाच्या दिवशी तर साबुदाणा. तो निव्वळ पिष्ट. त्या खिचडीत पोषण असेल तर ते कुटलेल्या दाण्यांचे. आठवड्यातून दोन उपवास करणाऱ्या घरातला बारीक मुलगा त्या दोन दिवशी काय बांधकाम करणार?

गुजराती स्वयंपाकघराला दोष देण्याचा माझा हेतू नाही. उलट उचलण्यासारखे आपण पुरेसे उचलले नाही अशी तक्रार आहे. बुधवारचे मग, तांदूळ आणि डाळी आंबवून भाजलेला हांडवो, बेसनाचा खमण, भरुचची खारी सिंग, हिवाळ्यातला बाजरीचा रोटला हे सारे अंग भरणाऱ्या मुलासाठी उत्तम अन्न आहे. या शहराने आपल्याकडून उसळ घेतली आणि तिच्यावर शेव पेरून शेव-उसळ केली. आपण मात्र घरची उसळ सोडली आणि शेव तेवढी ठेवली. फरसाणाच्या पुड्या घरात आठवडाभर पुरतात. मोड आलेले कडधान्य दोन दिवसांत संपवावे लागते म्हणून ते करायचे नाही, असा आपला हिशेब झाला आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याविषयी आपली घरे कुजबुजत बोलतात. आपल्यातल्या अनेक कुटुंबांत मासे-मटणाची परंपरा पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. शेजार बदलला, सोसायट्या आल्या, आणि ती परंपरा खिडक्या लावून पाळण्याची झाली. काही घरांनी अंडेसुद्धा लाजेपोटी सोडले. ज्यांनी श्रद्धेने किंवा करुणेने सोडले त्यांच्यापुढे मी नम्र आहे, आणि वरचा हिशेब पूर्ण शाकाहारी आहे हे त्यांनी पाहिलेच असेल. परंतु जे खातात त्यांनी दोन अंड्यांतून मिळणारे बारा ग्रॅम उत्तम प्रथिन शेजाऱ्याच्या नजरेला भिऊन मुलाला नाकारायचे आणि त्याऐवजी त्याच्या हातात डबा द्यायचा, हा दांभिकपणा आहे. अंडे लपवायचे आणि डबा मिरवायचा, यात सोवळे कोठे राहिले?

मुलींचा उल्लेख या विषयात कोणी करीत नाही, म्हणून मुद्दाम करतो. मुलगा बारीक असला तर घर चिंतेत पडते; मुलगी बारीक असली तर ‘बरे आहे’ म्हणून गप्प बसते. दुधाचा दुसरा पेला भावाला जातो. तिलाही स्नायू आहेत, तिचीही हाडे याच वयात भरायची आहेत, आणि रक्तातल्या लोहाची गरज तर तिची भावापेक्षा अधिक आहे. ज्या घरात फक्त मुलाच्या ताटाचा हिशेब होईल त्या घराने हा लेख अर्धाच वाचला असे मी समजेन.

काही आक्षेप अपेक्षित आहेत. ‘मुलगा खातच नाही’ हा पहिला. ज्याची भूक लहान आहे त्याला एका वेळी डोंगराएवढे वाढून उपयोग नाही. त्याला चारदा-पाचदा थोडे द्यावे लागते. वजन वाढवायचे तर नेहमीपेक्षा रोज तीनशे ते पाचशे कॅलरी अधिक हव्यात. एक पेला दूध, एक केळे आणि मूठभर दाणे-गूळ यांतच त्या भरतात. एवढ्यावर महिन्याला किलोभर वजन वाढले तरी समाधान मानावे. याहून घाईने वाढते ती बहुधा चरबी असते. ‘वेळ नाही’ हा दुसरा आक्षेप. फुटाणे-दाण्यांची पुरचुंडी दप्तरात टाकायला भुकटी घुसळण्याइतकाच वेळ लागतो. ‘वजने उचलली तर उंची खुंटते’ हा तिसरा, आणि तो आजोबांचा आहे. योग्य देखरेखीखाली, बेताचे वजन घेऊन, शरीराची ठेवण सांभाळून केलेल्या व्यायामाने उंची खुंटत नाही. जोर, बैठका, मल्लखांब, मुद्गल यांनीही तोच भार स्नायूंवर येतो. आठवड्यातून तीन दिवस नेटाने आणि मधले दिवस विश्रांती हा क्रम नवशिक्याला पुरतो. राहिली झोप. या वयाला आठ ते दहा तास लागतात, आणि ती कोणत्याही डब्यात मिळत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. वजन वाढत नसून उतरत असेल, जुलाब किंवा ताप रेंगाळत असेल, सतत थकवा किंवा अनिवार तहान असेल, चौदावे वर्ष उलटूनही मुलात वयात येण्याची चिन्हे नसतील, तर तो प्रश्न ताटाचाही नाही आणि व्यायामशाळेचाही नाही. तो डॉक्टरांचा आहे. क्षय, मधुमेह, कंठग्रंथीचे विकार, गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार या गोष्टी ‘आमच्याकडे सगळे बारीकच’ या एका वाक्याखाली वर्षानुवर्षे दडून राहू शकतात.

आपल्या शहरात १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले. हंसाबेन मेहता त्याच्या पहिल्या कुलगुरू. त्यांच्या कारकीर्दीत गृहविज्ञानाची विद्याशाखा उभी राहिली, आणि तिच्या अन्न व पोषण विभागात आपल्यातल्या कित्येक घरांच्या मुली-सुना शिकल्या. त्यांच्या पदव्या दिवाणखान्यात चौकटीत लावलेल्या आहेत. त्याच दिवाणखान्यात बसून आपण मुलाच्या आहाराचा निर्णय डबा विकणाऱ्यावर सोपवतो, आणि पदवी घेतलेल्या सुनेला कोणी विचारत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. ज्या घरात डबा यायचा आहे त्या घराने आधी पंधरा दिवस एक वही घालावी. मुलाने स्वतः, आईने किंवा आजोबांनी लिहून देता, रोज काय खाल्ले, किती वाट्या, किती वाजता, किती तास झोपला, कोणता व्यायाम किती केला, हे लिहावे. आजोबांनी टोमणे न मारता ते वाचावे. वडिलांनी सकाळच्या रिकाम्या रकान्याकडे पाहावे. पंधरवड्याच्या शेवटी वरची बेरीज त्या वहीशी ताडून पाहावी आणि कमी पडते ते घट्ट वरणाने, उसळीने, दुधाने, दाण्यांनी भरून काढावे. तीन महिन्यांनी मुलाचे वजन आणि त्याने काढलेले जोर मोजावेत. एवढे करूनही उणे राहिले तर डॉक्टरांना विचारून डबा खुशाल आणावा. माझी हरकत राहणार नाही. माणिकरावांचे नाव घेण्याचा अधिकार मात्र ती वही लिहून झाल्यावरच सांगावा.